समाजगटांमधला दुरावा कमी करणारा उपक्रम कसा आखावा आणि कसा चालवावा

जातीजातींमधला, दोन धर्मांच्या वस्त्यांमधला किंवा स्थानिक आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांमधला दुरावा कमी व्हावा असे मनापासून वाटणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. परंतु त्यासाठी जे केले जाते ते बहुतेक वेळा भाषण, प्रतिज्ञा, सद्भावना फेरी किंवा एका दिवसाचे शिबिर एवढ्यावरच थांबते. अशा उपक्रमांचा नेमका परिणाम किती, याचा आढावा एलिझाबेथ लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली घेतला. पूर्वग्रह कमी करण्याच्या 418 प्रयोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रयोग अल्पकाळाचे आणि वरवरचे होते आणि त्यांचा परिणाम पुढे टिकतो की नाही हे स्पष्ट नव्हते, असे त्यांना आढळले. भाषणे वाईट असतात असा याचा अर्थ नाही. मात्र भाषणानंतर श्रोते आपापल्या घरी, आपापल्या पंगतीत परत जातात आणि रोजचा व्यवहार तसाच राहतो.

हा लेख शाळेतील शिक्षक, क्रीडा किंवा गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, गृहनिर्माण सोसायटीची समिती, वाचनालय किंवा बचत गट चालवणारी मंडळी यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या हातात लोकांना काही काळ नियमितपणे एकत्र आणण्याची सोय आहे त्यांच्यासाठी. यातील मुख्य प्रतिपादन असे की माणसांची मते बदलून मग त्यांना जवळ आणण्यापेक्षा त्यांना समान पातळीवर एका कामाला लावणे अधिक परिणामकारक ठरते, आणि ही समान पातळी आपोआप येत नाही. ती बारीकसारीक गोष्टींत आधीपासून घडवावी लागते.

आधी हे समजून घ्या

आपपरभाव निर्माण व्हायला जुने वैर लागतेच असे नाही. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर केलेले आणि 1971 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात, एवढ्याच निमित्ताने मुलांचे दोन गट पाडल्याचे त्यांना सांगण्यात आले. तेवढ्यानेही मुले बक्षिसाचे गुण वाटताना आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. त्यामुळे नव्या उपक्रमात नवे गट पाडताना नवा आपपरभाव तयार होऊ शकतो, हे आयोजकाने विसरता कामा नये.

परंतु आपल्याकडची जात किंवा धर्म ही काही प्रयोगशाळेत चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. तिच्या मागे जमीन, पाणी, नोकरी आणि प्रतिष्ठा यांचा इतिहास आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवण्यात आले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा कमी बोलावणी आली. म्हणून दोन्ही बाजूंनी थोडे थोडे समजून घ्यावे, हा सूर मला अपुरा वाटतो. ज्याच्या हातात देण्यासारखे अधिक आहे त्याच्याकडून अधिक बदल अपेक्षित ठेवावा लागतो.

लोक एकत्र आले म्हणजे दुरावा घटतो का, या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली दिले. संपर्क फलदायी ठरण्यासाठी त्यांनी चार अटी मांडल्या. त्या प्रसंगापुरता का होईना दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, ते साधण्यासाठी एकमेकांच्या सहकार्याची गरज हवी आणि अधिकारी, वडीलधारे किंवा कायदा यांचा उघड पाठिंबा हवा. पुढे थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 साली 515 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्क वाढला की पूर्वग्रह सर्वसाधारणपणे घटतो असे दिसले. चारही अटी पूर्ण झाल्याच पाहिजेत असे नाही, मात्र त्या असल्या तर परिणाम अधिक चांगला होतो, हेही त्यातून पुढे आले.

पायरी पहिली : पाहणी

काहीही जाहीर करण्यापूर्वी दोन-तीन आठवडे फक्त पाहा. मधल्या सुट्टीत डबे खाताना कोण कोणाजवळ बसते? गावच्या भंडाऱ्यात वाढपी कोण असतात आणि पत्रावळी कोण उचलते? वयाने मोठ्या माणसाला कोणीतरी पोरसवदा मुलगा एकेरीत हाक मारतो का, आणि मारत असेल तर ती कोणाला? सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांचा चहाचा कप वेगळा आहे का? त्यांना लिफ्ट वापरू देतात का? कोणत्या आडनावांच्या लोकांना भाड्याने घर देताना मालकांना अचानक अडचणी आठवतात? अशा ठिकाणी दुराव्याचे खरे चित्र दिसते. सभेत विचारले तर सगळेच जण आमच्याकडे तसले काही नाही, असे सांगतात.

त्यानंतर ज्यांना बाजूला ठेवले जाते त्यांच्याशी स्वतंत्रपणे आणि खासगीत बोला. त्यांना काय खुपते, कशात सहभागी व्हायला आवडेल आणि कोणती गोष्ट अजिबात नको, हे विचारा. अनेकदा त्यांची मागणी मैत्रीची नसून मानाची किंवा हक्काची असते. मैदान आठवड्यातून दोन दिवस आम्हालाही मिळावे, असे कोणी म्हणाले तर आधी मैदानाचे वेळापत्रक बदला. उपक्रमाचा विचार नंतर करता येतो.

पायरी दुसरी : काम निवडणे

काम असे हवे की ते एकट्यादुकट्याला किंवा एका गटाला पार पाडता येऊ नये, त्यात सर्वांना रस असावा आणि ते काही आठवडे चालावे. क्रिकेटची साखळी स्पर्धा, बसवायचे नाटक, ओढ्यावरचा बंधारा, वाचनालयाची पुस्तके लावणे, लेझीम पथक यांपैकी काहीही चालेल.

क्रिकेटचे उदाहरण थोडे तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण ते आपल्याच देशातील आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघांत सगळे एकाच जातगटातील होते, तर काहींत निरनिराळ्या जातींची मुले एकत्र होती आणि कोण कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले होते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकाच संघात खेळलेल्यांमध्ये जातीबाहेरची मैत्री वाढली आणि आपल्याच जातीच्या माणसाला झुकते माप देण्याची सवय कमी झाली. याउलट दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी केवळ प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तेव्हा जातीबाहेरचा व्यवहार साधारणपणे घटला.

आपल्या नेहमीच्या स्पर्धा नेमक्या याच्या उलट रचलेल्या असतात. या आळीचा संघ विरुद्ध त्या वस्तीचा संघ, असे सामने भरवून वर त्याला सलोखा चषक असे नाव दिले जाते. पारितोषिक समारंभात दोन्ही कर्णधार गळाभेट घेतात, छायाचित्र छापून येते आणि पंचाच्या एका निर्णयावरून पुढचे सहा महिने धुसफूस चालते. सामने भरवायचेच असतील तर प्रत्येक संघ मिश्र असलाच पाहिजे. या बाबतीत तडजोड करू नये.

पायरी तिसरी : गट पाडणे

गट लोकांना स्वतः निवडू दिले तर ओळखीची माणसे ओळखीच्यांकडेच जातात, म्हणून गट आयोजकाने पाडावेत आणि त्याची पद्धत सर्वांना कळेल अशी उघड असावी. चिठ्ठ्या हा एक मार्ग आहे, परंतु माझी शिफारस पहिल्या नावाच्या अकारविल्हे क्रमाची आहे. आपल्याकडे हजेरीपट बऱ्याचदा आडनावाप्रमाणे लावलेला असतो आणि आडनावावरून जात ओळखण्याची सवय इतकी मुरलेली असते की आडनावांची यादी वाचताच मनात वर्गवारी सुरू होते. अनिकेत, अफजल, अमोल, अर्चना अशी यादी झाली की ती सवय निदान गटवाटपात तरी आड येत नाही.

यामागे पुरावाही आहे. 2007 साली दिल्लीतील नामांकित खासगी शाळांना गरीब कुटुंबांतील मुलांना काही जागा देणे बंधनकारक झाले, तेव्हा तिथल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास गौतम राव यांनी केला आणि तो 2019 साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि मदतीला तत्पर झाली, संघ निवडताना गरीब मुलांना कमी डावलू लागली आणि त्यांच्याबरोबर खेळायला अधिक राजी झाली. त्यांचे इंग्रजीचे गुण किंचित कमी झाले, तर हिंदी आणि गणितात फरक पडला नाही. काही शाळांत अभ्यासगट पहिल्या नावाच्या क्रमाने पाडले जात होते, त्यामुळे केवळ योगायोगाने कोणाच्या गटात गरीब मूल आले आणि कोणाच्या नाही, हे तपासता आले. तेव्हा केवळ एका वर्गात असण्यापेक्षा एका अभ्यासगटात प्रत्यक्ष एकत्र बसण्याचा वाटा मोठा असल्याचे दिसले. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर महाराष्ट्रातील खासगी शाळांत आलेल्या मुलांना अनेकदा मागच्या बाकांवर किंवा वेगळ्या तुकडीत बसवले जाते, अशी तक्रार आपण ऐकतो. तसे केल्यास प्रवेश मिळतो, परंतु प्रवेशातून जे घडू शकले असते ते घडत नाही.

प्रत्येक गटात कमी संख्येच्या समाजातील एकच व्यक्ती ठेवू नका. एकटा माणूस आपोआप त्या समाजाचा प्रतिनिधी बनतो आणि त्याची प्रत्येक चूक समाजाच्या खात्यावर मांडली जाते. निदान दोघे असावेत, त्यासाठी गटांची संख्या कमी करावी लागली तरी चालेल.

पायरी चौथी : समान दर्जा तपशिलात उतरवणे

बहुतेक उपक्रम या पायरीवर फसतात, म्हणून इथे सर्वांत अधिक वेळ द्यावा. मिश्र संघ झाला तरी किटची बॅग रोज एकाच मुलाकडे दिली जात असेल, पाण्याचा जार भरायला ठरावीक घरचा पोरगाच धावत असेल, सलामीला आणि गोलंदाजीला ठरावीक आडनावेच येत असतील, तर त्या संघात गावचीच उतरंड पुन्हा उभी राहिली असे समजावे. म्हणून कामांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. कर्णधारपद, गुणलेखन, मैदानाची झाडलोट, पाणी भरणे आणि सामान उचलणे ही सर्व कामे क्रमाने सर्वांकडे फिरली पाहिजेत आणि झाडण्याची पहिली पाळी वजनदार घरातील मुलाची असावी. पाण्याचे भांडे एकच असावे. नाश्ता एका ठिकाणी, मिश्र बैठकीत व्हावा. खाण्यापिण्याच्या सवयी वेगळ्या असतील तर पदार्थ सर्वांना चालतील असे निवडावेत, मात्र ताटे आणि रांगा वेगळ्या करू नयेत. प्रौढांमध्ये संबोधन सर्वांसाठी सारखे, म्हणजे सर्वांना अहो-जाहो किंवा सर्वांना नावापुढे दादा-ताई असे ठरवून घ्यावे.

जात किंवा आर्थिक गट सर्वांसमोर पुकारू नये. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. जात सर्वांदेखत जाहीर केल्यावर त्यांची कामगिरी घसरली. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी भर वर्गात अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा असे सांगणारा शिक्षक बहुधा दुष्ट नसतो, त्याला केवळ काम उरकायचे असते. तरीही ही माहिती पालकांकडून बंद पाकिटात किंवा कार्यालयात एकेकट्याला बोलावून घ्यावी.

वर्गासाठी एक तयार आराखडा

1971 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे कृष्णवर्णीय, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या आणि वर्गांत तणाव वाढला. तेव्हा एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक पद्धत बसवली. धड्याचे तुकडे करायचे, गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा, आणि बाकीचा धडा सोबत्यांकडून ऐकल्याशिवाय कोणालाही परीक्षेला तोंड देता येणार नाही अशी व्यवस्था करायची.

महाडच्या चवदार तळ्याचा विषय असा शिकवता येतो. पहिल्या मुलाकडे सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा मुंबई विधिमंडळातील 1923 सालचा ठराव आणि महाड नगरपालिकेचा 1924 सालचा निर्णय, दुसऱ्याकडे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेले पाणी प्राशन, तिसऱ्याकडे त्यानंतरची मारहाण आणि तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण, चौथ्याकडे डिसेंबर 1927 मधील परिषद आणि मनुस्मृतीचे दहन, पाचव्याकडे न्यायालयीन लढा आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने दिलेला निकाल, अशी वाटणी करावी. निरनिराळ्या गटांतील सारखा तुकडा मिळालेली मुले आधी वीस मिनिटे एकत्र बसून तयारी करतात. त्यामुळे वाचनात मागे असलेले मूलही आपल्या गटात परतताना काही सांगण्याजोगे घेऊन येते. मारहाणीचा भाग कोणत्याही परिस्थितीत दलित मुलाच्या वाट्याला ठरवून देऊ नये. तुकडे चिठ्ठीने वाटावेत. एखादे मूल अडखळले आणि इतर हसू लागले, तर शिक्षकाने रागावण्याऐवजी एवढेच सांगावे की हा भाग फक्त त्याच्याकडे आहे, तेव्हा त्याला प्रश्न विचारून तो काढून घ्या. आठवड्यातून दोन तास, निदान सहा आठवडे हे चालले पाहिजे.

पायरी पाचवी : वजनदार माणसांचा पाठिंबा

मुख्याध्यापक, सरपंच, मशिदीचे विश्वस्त, मंडळाचे जुने अध्यक्ष यांनी हा उपक्रम आमचा आहे असे सर्वांसमक्ष म्हटले पाहिजे आणि निदान दोन वेळा प्रत्यक्ष येऊन त्याच पंगतीत बसले पाहिजे. शुभेच्छापत्राने काम भागत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातील भिवंडीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. 1970 आणि 1984 साली मोठ्या दंगली झालेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम रहिवासी तिथे पोलिसांसह नियमितपणे बसू लागले, अफवा वेळीच तपासल्या जाऊ लागल्या आणि एकमेकांची घरे व माणसे ओळखीची झाली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारचे मुंबई शहर जळत असताना भिवंडी शांत राहिली. भारतातील शहरांचा तौलनिक अभ्यास करून आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 साली असे मांडले की केवळ शेजारपाजारच्या उठबशीपेक्षा दोन्ही समाजांच्या सामाईक संस्था, संघटना आणि व्यापारी मंडळे अशा प्रसंगी अधिक टिकाव धरतात. सणाला शीरखुर्मा आणि फराळ यांची देवाणघेवाण हवीच, परंतु तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मुलांमध्ये ही भूमिका मुलेच बजावतात. न्यू जर्सीतील 56 माध्यमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत काही निवडक विद्यार्थ्यांना भांडणे आणि छळ यांविरुद्ध उघड भूमिका घेण्यास प्रोत्साहन देण्यात आले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांतील तंट्यांच्या नोंदी वर्षभरात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ज्यांच्याकडे इतर मुलांचे लक्ष अधिक असते अशी मुले गटात जास्त होती तिथे परिणाम अधिक दिसला. म्हणून वर्गातील गुणी मुलापेक्षा ज्याच्या मागे चार मुले फिरतात त्याला आधी सोबत घ्या.

पायरी सहावी : विरोध करणाऱ्यांशी बोलणे

कोणी पालक म्हणेल की आमच्या मुलीला त्यांच्याबरोबर बसवू नका. त्यांना कायदा ऐकवण्याची वेळ येऊ शकते, पण सुरुवात तिथून करू नका. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी मायामीमध्ये पारलिंगी व्यक्तींविषयीच्या पूर्वग्रहावर घरोघरी जाऊन केलेल्या संवादांचा अभ्यास केला. सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याचा परिणाम निदान तीन महिने टिकल्याचे त्यांनी 2016 साली दाखवले. त्यात कार्यकर्ते समोरच्याला चूक ठरवत नव्हते. आपण इतरांपेक्षा वेगळे म्हणून आपल्याला कधी कमी लेखले गेले का, असे ते विचारत आणि शांतपणे ऐकून घेत. नंतर स्वतःचा अनुभव सांगत.

आपल्याकडे हाच प्रश्न असा विचारता येतो : काका, तुम्ही पहिल्यांदा शहरात आलात तेव्हा तुमच्या बोलण्यावरून कोणी हसले होते का? बहुतेकांकडे याचे उत्तर असते. ते पुरते ऐकून घ्या, मध्ये आपला मुद्दा घुसडू नका, आणि मगच त्या मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे काय होत असेल याकडे या. हे संभाषण चारचौघांत करू नये, कारण तिथे माणूस विचार बदलण्याऐवजी अब्रू सांभाळतो.

स्वतः आयोजकासाठी

पॅट्रिशिया डिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली पूर्वग्रहाकडे मोडता येण्याजोगी सवय म्हणून पाहणारा बारा आठवड्यांचा सराव मांडला. त्यातील दोन गोष्टी आयोजकाने उचलाव्यात. साचेबद्ध विचार मनात आला की तो ओळखून त्याच्या जागी दुसरे कारण शोधायचे, आणि व्यक्तीविषयी ठोस माहिती मिळवायची. मुलगा सरावाला उशिरा आला आणि हे लोक असेच, असे मनात आले, तर त्याच्या पाड्यावरून येणाऱ्या बसची वेळ विचारा.

कुठे थांबावे

बहिष्कार, मारहाण किंवा छळ झाला असेल तर दोन्ही बाजूंना एकत्र बसवून समेट घडवणे हे तुमचे काम नाही. त्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि जातपंचायतीच्या बहिष्कारासाठी महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. पीडिताला तक्रार नोंदवण्यास मदत करा आणि उपक्रम पुढे ढकला.

दुसरी मर्यादा कमी दिसणारी आहे. तमार सागी आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवले की गोडीगुलाबीचा संपर्क आला की कमकुवत गटातील माणसांचे विषमतेकडे लक्ष कमी जाते आणि बलवान गट आपल्याशी न्यायाने वागेल अशी आशा त्यांना वाटू लागते, पण प्रत्यक्षात बलवान गट तसा वागत नाही. म्हणून उपक्रमात केवळ साम्यावर बोलू नका. मैदान, पाणी, निधी आणि समितीतील जागा यांच्या वाटपाचा विषयही कधीतरी त्याच बैठकीत आणा. तेव्हा वातावरण थोडे ताणले जाईल, आणि तसे ताणले जायला हरकत नाही.

परिणाम कसा मोजावा

तुम्हाला आता कसे वाटते, असे प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही, कारण लोक योग्य उत्तर देतात. त्याऐवजी वागणूक मोजा. इराकमध्ये इसिसच्या हल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत सल्मा मूसा यांनी मुस्लिम खेळाडू समाविष्ट केले आणि 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्र संघातील ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामात पुन्हा मिश्र संघासाठी नाव नोंदवत होते, दुसऱ्या संघातील मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या पुरस्कारासाठी मत देत होते आणि सहा महिन्यांनीही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होते. मात्र मुस्लिमबहुल मोसूलमधील उपाहारगृहात जाण्याची किंवा मैदानाबाहेरच्या मिश्र समारंभाला येण्याची त्यांची तयारी फारशी वाढली नाही.

हीच मोजपट्टी आपल्याकडेही वापरा. पुढच्या हंगामासाठी मिश्र संघात स्वतःहून किती जणांनी नाव दिले, सामना नसलेल्या दिवशी कोण कोणाबरोबर खेळले आणि कोण कोणाच्या घरी गेले, याची साधी नोंद सुरुवातीला, शेवटी आणि सहा महिन्यांनी ठेवा. मैदानावर मैत्री दिसली पण घरी जाणे-येणे वाढले नाही, तर निराश होऊ नका आणि यशही जाहीर करू नका. पुढच्या वेळी सराव आलटून पालटून दोन्ही वस्त्यांतील मैदानांवर ठेवा आणि सामन्यानंतरचा चहा सभागृहाऐवजी खेळाडूंच्या अंगणात, घरच्यांना आधी विचारून, पाळीपाळीने ठेवा.